रुमाल कुणी धुतला?

मे महिन्यात बहीण साताऱ्याला आईकडे चार आठवडे राहायला आली, तेव्हा तिच्या सात वर्षांच्या मुलाच्या पाठपिशवीत तीन पुस्तकं होती. तिन्ही इंग्रजी, तिन्ही 'नेट द ग्रेट' या मालिकेतली. मीही पुण्याहून सुट्टी काढून गेले होते. भाचा न्यू जर्सीत वाढतोय. मराठी बोलतो, तेही छान बोलतो. 'मला कंटाळा येतोय' आणि 'हे अन्याय आहे' ही वाक्यं तर अगदी सफाईने. रविवारच्या मराठी शाळेत त्याला अक्षरं ओळखता यायला लागली आहेत.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी आईने कौतुकाने त्याच्यापुढे वर्तमानपत्र ठेवलं आणि म्हणाली, "वाचून दाखव रे सोन्या." पहिला शब्द त्याने बोट ठेवून काढला. दुसऱ्या शब्दात एक जोडाक्षर होतं, तिथे बोट थांबलं. आई थांबली, आम्ही सगळेच थांबलो. मग आई म्हणाली, "राहू दे." ती काही रागावून म्हणाली नव्हती. पण त्या 'राहू दे'ने बहिणीची संध्याकाळ खराब झाली. रात्री भांडी आवरताना ती मला म्हणाली, "तो इंग्रजी सपासप वाचतो गं. त्याला वाचता येत नाही असं नाही." मला ते माहीत होतं. दुपारभर तो पडवीत पालथा पडून वाचत होता, आणि मधेच मागची पानं उलटून काहीतरी तपासत होता.

त्या मागे जाण्याचं मला कुतूहल वाटलं. नुकतं वाचायला लागलेलं मूल सहसा मागे जात नाही. एकेक ओळ म्हणजे चढण असते, चढून आलेली चढण कोण पुन्हा उतरेल? म्हणून त्याला झोप लागल्यावर मी पुस्तक उचललं.

'नेट द ग्रेट' हे मालिकेतलं पहिलं पुस्तक १९७२चं. लेखिका मार्जोरी वाइनमन शारमॅट, चित्रं मार्क सिमाँ यांची. शारमॅटबाईंनी नायकाला आपल्या वडिलांचं, नेथनचं नाव दिलं. पुढे या मालिकेत पंचवीसहून जास्त पुस्तकं झाली. पण पहिल्याची घडण इतकी नेटकी आहे (कोटी मुद्दाम नाही) की बोलायचं तर त्याच्याबद्दलच बोलावं.

नेट हा आठनऊ वर्षांचा मुलगा. चित्रात शेरलॉक होम्ससारखी टोपी आणि लांब कोट. सकाळी पॅनकेक खाऊन झाल्यावर त्याला ॲनी या मैत्रिणीचा फोन येतो: तिने काढलेलं तिच्या कुत्र्याचं चित्र हरवलं आहे. ॲनीला पिवळा रंग आवडतो, तिची खोली पिवळी, चित्रही पिवळं. नेट येतो, चौकशी करतो. कुत्र्याने पुरलं असेल म्हणून अंगण खणतात, कसल्याशा मांजरवाल्या मैत्रिणीकडे जाऊन येतात. ॲनीचा धाकटा भाऊ हॅरी याच्या खोलीतही डोकावतात. हॅरीला लाल रंगाचं वेड. त्याने लाल विदूषक काढलाय, लाल घर, लाल झाड, आणि एक तीन डोक्यांचा नारिंगी राक्षस. आता ज्याला कळायचं त्याला कळलं. सगळं लाल असताना राक्षस तेवढा नारिंगी का? लाल रंग पिवळ्यावर चढला म्हणून. ती तीन डोकी म्हणजे कुत्र्याचे दोन कान आणि एक शेपूट.

चित्र चोरीला गेलेलंच नाही. घरातच, भिंतीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. वाचणाऱ्या मुलानेही ते पाहिलेलं आहे, फक्त 'बघितलेलं' नाही. उलगडा झाला की ते मूल हॅरीच्या खोलीच्या पानावर परत जातं. भाचा दुपारभर तेच करत होता. एरवी 'पुन्हा वाच' म्हणून मुलांच्या मागे लागावं लागतं. इथे मागे जाण्याला कारण आहे, आणि ते कारण शिक्षकाचं नाही, मुलाचं स्वतःचं आहे. शिवाय, नवा वाचक जे दिवसभर करत असतो, म्हणजे छोट्या छोट्या खुणा जोडून त्यातून अर्थ काढणं, तेच हेर करतो. हेर अडखळतो, चुकीचं अंगण खणतो, परत येतो. अडखळणाऱ्या मुलाला अडखळणारा नायक मिळतो, आणि त्याचं अडखळणं मानाचं असतं. मला वाटतं, वाचायला शिकणाऱ्याला रहस्यकथेइतका जवळचा दुसरा प्रकार नाही.

अमेरिकेत हे ओळखायला काही वर्षं गेली. १९५४मध्ये जॉन हर्सी या लेखकाने 'लाइफ'मध्ये शाळेतल्या कंटाळवाण्या वाचनपाठांवर टीका केली. १९५७मध्ये डॉ. स्यूसचं 'द कॅट इन द हॅट' आलं. त्यात मोजून २३६ वेगवेगळे शब्द आहेत. त्याच वर्षी एल्स मिनारिक यांचं 'लिटल बेअर' मॉरिस सेंडाकच्या चित्रांसह आलं आणि 'आय कॅन रीड' ही माला सुरू झाली. पुढे १९६३मध्ये क्रॉस्बी बॉन्सल यांनी त्याच मालेत एक पाय चोरीला घातला (खायचा पाय, ब्लूबेरीचा) आणि तो कुणी खाल्ला हे शोधायला पोरांना निळे दात हुडकायला लावलं. या सगळ्यांचं तंत्र एक: शब्द थोडे, ते परत परत. नेटही दर दोनतीन वाक्यांनी 'मी'च्या पुढे आपलं बिरुदासकट नाव लावतो. मोठ्यांना ती बढाई वाटते आणि गंमत येते. लहान वाचकाला मात्र तो जिन्यातला चौथरा आहे. ओळखीचे शब्द आले, दम घ्यायचा, पुढचं चढायचं.

पुस्तकात मला एक खटकतं. दुसऱ्या दिवशी मी आईला ते मराठीत तोंडी सांगत होते. नेट बाहेर जाताना आईसाठी चिठ्ठी ठेवतो, हे ऐकून आईने विचारलं, "आणि त्याची आई कुठेय?" कुठेच नाही. चिठ्ठीपुरती आहे. ॲनीच्या घरीही मोठं कुणी नाही. ती घरं हेरगिरीच्या सोयीसाठी रिकामी केली आहेत. बॅगेतलं दुसरं पुस्तक २०००चं होतं, त्यात नेट सॅन फ्रान्सिस्कोला ऑलिव्हिया शार्प या बहिणीकडे जातो. ही बहीण आते, मामे, मावस की चुलत, ते इंग्रजीला सांगावं लागत नाही. मराठीत पहिल्याच ओळीला ठरवावं लागेल. तिथेही नातेवाइकांकडे जाणं हे निमित्तापुरतंच.

आणि आमच्या घरी त्या वेळी नऊ माणसं होती. पाहुणे आलेल्या घरात वस्तू चोरीला जात नाहीत, त्या 'नीट ठेवल्या' जातात. नीट ठेवलेली वस्तू पुन्हा सापडत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. माझ्या फोनची तार, भाच्याचा एक मोजा आणि पुरणयंत्राची बारीक चाळणी अशा तीन गोष्टी पहिल्याच आठवड्यात नीट ठेवल्या गेल्या. खरी रहस्यकथा लिहावी तर ती अशा घरात. माणसं भरपूर, दारं उघडी, वाईट हेतू कुणाचाच नाही, आणि संशय घ्यायची तर चोरी. पाहुण्या भावंडाला 'तू घेतलंस का' असं विचारलं की आजी डोळे वटारते.

मराठीत या वयासाठी असं काही मिळतं का, ते मी साताऱ्यातल्या दुकानांत आणि आमच्या जुन्या कपाटात शोधलं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता. फुरसुंगीचा बनेश फेणे माझ्या बालपणाचा दैवत, पण तो सायकलवरून सुसाट जाणाऱ्या वाचकांचा आहे, चालायला शिकणाऱ्यांचा नाही. त्याचा 'ट्टॉक' हा उद्गारच मुळात जोडाक्षर आहे. माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' मिळालं. घरातल्या माणसांची ओळख करून देणारी ही छोटी पुस्तकं मला फार आवडतात, त्यांतलं घर खरं, भरलेलं आहे. पण तिथे कोडं नाही, आणि तो त्यांचा उद्देशही नाही. मग मी ठरवलं, आपणच लिहू. बारा पानं, एक वही, चित्रं बहीण काढेल. टीकाकाराने असल्या फंदात पडू नये हे मला ठाऊक होतं.

पहिली वही सपशेल फसली. ती कशी फसली हे सांगण्यासाठीच हा लेख लिहितेय.

गोष्ट अशी होती: आजीचं भिंग हरवलंय. नात शोधते. चष्म्याच्या डब्यात नाही, कोनाड्यात नाही, माळ्यावर नाही, आजोबांच्या खिशात नाही. सोपी वाक्यं, रोजच्या वस्तू. भाचा 'चष्म्याच्या'पाशी जो अडकला तो अडकलाच. "मावशी, हे चष्मा आहे का?" हो. "मग असं का लिहिलंय?" मग 'खिशात'. खिसा त्याला माहीत होता, पण खिशातला 'श' कुठून आला ते कळेना. पाचव्या पानावर त्याने वही मिटली आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "आपण नंतर वाचू या का?" ही 'राहू दे'ची त्याची आवृत्ती.

चूक माझी होती. मी इंग्रजी पुस्तकाचं तंत्र उचललं होतं: शब्द थोडे आणि परत परत. इंग्रजीत हरवलेली वस्तू पेटीत असो, पेटीखाली असो की पेटीमागे, 'पेटी' हा शब्द कागदावर जसाच्या तसा राहतो. मूल त्याला चेहऱ्याने ओळखायला लागतं. मराठीत शब्दाला विभक्ती लागली की चेहरा बदलतो. आकारान्त पुल्लिंगी शब्दांचा तर साफ बदलतो: डबा–डब्यात, माळा–माळ्यावर, देव्हारा–देव्हाऱ्यात. आणि रहस्यकथा म्हणजे तर 'कुठे'ची कथा. प्रत्येक पानावर 'त', 'वर', 'खाली', 'मागे'. म्हणजे मी नेमका मराठीतला सगळ्यात अवघड रस्ता निवडून त्यावर सात वर्षांच्या मुलाला सोडलं होतं, आणि वर शब्द सोपे आहेत म्हणून खूश होते.

आपल्याकडे पहिल्या वाचनपाठांत सोपं म्हणजे काना-मात्रा नसलेलं, मग काना असलेलं, आणि जोडाक्षरं सगळ्यात शेवटी, असा क्रम चालत आला आहे. त्यात तथ्य आहे, पण त्यातून कमळ, बदक आणि अजगर यांच्यापलीकडे काही घडत नाही. उलट 'त्या', 'माझ्या', '-च्या' ही जोडाक्षरं इतक्या वेळा येतात की भाचा ती न थांबता वाचत होता. म्हणजे जोडाक्षर हा शत्रू नाही. शत्रू आहे तो ओळखीचा शब्द अनोळखी वेशात येणं. म्हणून मराठीत अशी गोष्ट रचायची तर शब्द मोजून उपयोग नाही, जागा निवडायला हव्यात. पिशवी–पिशवीत, बादली–बादलीत, दोरी–दोरीवर, कपाट–कपाटात, अंगण–अंगणात. इथे मूळ शब्द शाबूत राहतो, शेपटी तेवढी लागते. वस्तू लपवायची तर अशा ठिकाणी. डबे आणि कोनाडे दुसरीच्या वर्षासाठी ठेवावेत.

जागांच्या बाबतीत भाषा अशी आडवी येते, पण गुन्हेगार लपवायच्या बाबतीत मराठीइतकी मदत करणारी भाषा मी पाहिली नाही. हे मला वही लिहितानाच कळलं. भीती अशी होती की मराठी क्रियापद लिंग सांगून टाकतं. 'आला' म्हटलं की पुरुष, 'आली' म्हटलं की बाई, निम्मे संशयित बाद. पण तसं होत नाही. 'कोण आलं होतं?' असं आपण नपुंसकलिंगात विचारतो, कारण माहीत नाही. आणि 'कुणीतरी रुमाल नेला' यातला 'नेला' हा रुमालाप्रमाणे चालतो, नेणाऱ्याप्रमाणे नाही. आजीने नेला, आजोबांनी नेला, भावाने नेला, मांजराने नेला, क्रियापद तेच. कर्मणी प्रयोग शाळेत मार्कांसाठी पाठ केला होता. तो चोर लपवण्यासाठी इतका चोख असेल असं कुणी सांगितलं नव्हतं. हेराच्या प्रश्नांतही फरक पडतो. 'तू खोलीत गेला होतास का?' यात समोरचा मुलगा आहे हे उघड होतं. 'तू रुमाल पाहिलास का?' यात काहीच उघड होत नाही.

याच्याही पुढची सोय म्हणजे कर्ताच गाळणं. आपल्या घरांत कप 'फोडला' जात नाही, तो 'फुटतो'. दूध 'सांडतं', चित्र 'हरवतं', मोजा 'सापडत नाही'. प्रत्येक मराठी मूल हे व्याकरण शाळेत जायच्या आधी वापरतं. हेराचं काम मग एका वाक्यात सांगता येतं: 'फुटला'चं 'फोडला' करायचं, आणि तेही कुणाला न दुखावता. पाहुण्यांनी भरलेल्या घरात यापेक्षा मोठी जोखीम ती कुठली?

दुसऱ्या वहीसाठी मला नारिंगी राक्षसाच्या तोडीची खूण हवी होती. रंगपेटीतली नको, घरातली हवी. ती मोरीवर मिळाली. आईचा पांढरा रुमाल कालच्या आमटीने पिवळा झाला होता, तिने त्यावर साबण घासला आणि डाग लालभडक झाला. हळदीला साबण किंवा चुना लागला की ती लाल होते. पूर्वी कुंकू करताना हेच करत. आपल्याकडच्या कुठल्याही मोरीत हा प्रकार घडतो आणि आपण तो जन्मभर बघत असतो. भाचा मात्र पहिल्यांदा पाहत होता. "आजी, रक्त?" असं म्हणून तो दोन पावलं मागे सरला.

तर गोष्ट अशी झाली: आजीचा रुमाल हरवला. रुमालावर पिवळा डाग होता. पिशवीत नाही, कपाटात नाही, उशीखाली नाही. अंगणात दोरीवर एक रुमाल वाळतोय, पण आजी म्हणते, हा आपला नाही, याचा डाग लाल आहे. कुणी पाहुणा विसरला असेल. मग नात जेवायला बसते, आजोबांच्या हाताला साबणाचा वास येतो. तेवढंच, पुढे काही नाही, पान संपलं. मग ती एका जुन्या कापडावर हळद लावते, साबण घासते, आणि अंगणात धावते. रुमाल आपलाच. आजोबांनी आमटी सांडली, आजी बघायच्या आत धुऊन टाकायचा म्हणून धुतला, आणि साबण नीट काढला नाही. साबण उरला म्हणून लाल उरला.

रुमाल, बादली, साबण, दोरी, डाग, हळद, पिवळा, लाल. वही संपल्यावर मोजलं तर मुख्य शब्दांत एकही जोडाक्षर नव्हतं, आणि ते मी ठरवून केलं नव्हतं. जागा बरोबर निवडल्या की बाकीचं बरंचसं आपोआप जुळतं.

ही वही काही फार मोठं साहित्य नाही. आजीचं पात्र पुरेसं उभं राहत नाही, नातीला स्वभावच नाही. नेटला निदान पॅनकेक तरी आवडतात. पण बारा पानं त्याने ओट्याशी बसून आजीला वाचून दाखवली, त्याला पाऊण तास लागला. तीनदा तो थांबला आणि तिन्ही वेळा आई काही बोलली नाही, शेंगा सोलत राहिली. दहाव्या पानावर तो स्वतःच सहाव्या पानावर परत गेला, बोट ठेवून 'साबणाचा वास' पुन्हा वाचला आणि मोठ्याने "आ‍जोबा!" असं ओरडला.

पुस्तक संपल्यावर आईने परीक्षण केलं. "गोष्ट चांगली आहे. पण तुझे आजोबा रुमाल धुणार? हे काही खरं वाटत नाही."

"धुतो की," बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले.

"कधी?"

भाच्याने पुन्हा शेवटचं पान उघडलं. "आजी, पण बघ ना, साबण नीट काढला नाही असं लिहिलंय."

आईने वही हातात घेतली, लांब धरून ती ओळ वाचली. "हां," ती म्हणाली, "हे मात्र पटतं."